वारसनोंद

वारसा हा शब्द आमच्या बुवापाड्यात वारंवार कानी पडतो. मात्र प्रवचनात नव्हे, कचेरीच्या दारात. घरातील कर्ता पुरुष गेला की दहा बाय बाराची खोली कोणाच्या नावावर चढवावयाची, विजेचे मीटर कोणाच्या नावे करावयाचे, शिधापत्रिकेतून नाव कोणी कमी करून आणावयाचे, या प्रश्नांची चर्चा सातव्या दिवसाच्या मिस्साआधीच सुरू होते. त्यात आम्हांला गैर काही वाटत नाही. ज्यांनी आयुष्यभर पाळ्या करून चार भिंती उभ्या केल्या, त्यांच्या लेकरांनी त्या भिंती सांभाळू नयेत तर काय करावे? वारसदाखला, प्रतिज्ञापत्र, बहिणींचे हक्कसोडपत्र, मृत्यूच्या दाखल्याच्या साक्षांकित प्रती, ही कागदांची यादी आमच्यापैकी कित्येकांना तोंडपाठ आहे.

गेलेल्या माणसापाशीही काही गोष्टी तोंडपाठ होत्या. त्यांची नोंद कोठल्याही कचेरीत होत नाही. चर्चच्या कार्यालयात स्नानसंस्काराची नोंदवही असते, दृढीकरणाची असते, विवाहाची असते. जाड पुठ्ठ्याच्या त्या वह्यांत आमच्या तीन पिढ्यांची नावे, धर्मपिता व धर्ममाता यांच्या नावांसह, सुबक अक्षरांत लिहिलेली आहेत. परंतु 'श्रद्धा पुढे दिली, मिळाली, घेणाऱ्याची सही' असा रकाना त्या वह्यांत नाही. पाणी डोक्यावर ओतले गेले एवढे वही सांगते. पुढे त्या बाळाच्या ओठांवर कोणी कोणते शब्द ठेवले, ते ठेवणाऱ्यालाच ठाऊक.

अंबरनाथ पश्चिमेच्या या दाट वस्तीत आमची कॅथलिक घरे मोजकी आहेत. कोणाचे वडील वसईकडून आले, कोणाचे आजोबा गोव्याहून, कोणी मंगळूरचे, कोणी केरळातले, आणि बरेचसे त्या काळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. ऑर्डनन्स फॅक्टरी, विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना, रसायनांचे कारखाने यांच्या भोंग्यांनी त्या साऱ्यांना एका गल्लीत आणून ठेवले. काडेपेट्यांचा कारखाना केव्हाच बंद झाला, माणसे राहिली. संध्याकाळच्या जपमाळेला एका घरी 'तेर्स' म्हणतात, दुसऱ्या घरी 'रोझरी' आणि तिसऱ्या घरी 'माळ'. मुले आता बदलापूरच्या नव्या इमारतींत राहावयास गेली आहेत, काही आखातात आहेत, एकदोन घरे कॅनडाला जाऊन पोहोचली आहेत. खोली बरोबर नेता येत नाही. मग ती मुले बरोबर काय नेतात, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

गावाच्या पूर्वेला शिवमंदिर आहे. शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० साली, शिलाहारांच्या काळात ते पूर्ण झाले असे तेथील शिलालेख सांगतो. दगडात कोरलेला वारसा कसा असतो हे पाहावयास आम्हांला दूर जावे लागत नाही. पण महाशिवरात्रीला त्या मंदिराकडे निघालेली आमच्या शेजाऱ्यांची रांग पाहताना आमच्या मनात निराळेच येते. ते राजघराणे गेले, घडविणाऱ्या हातांची नावेही गेली. आणि पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या त्या लहान मुलीला तेथे कोणी आणले? तिच्या आजीने. दगड आजीची वाट पाहत उभा असतो, एवढेच.

हे आम्हांला कळले असे नव्हे, ते आमच्यावर येऊन आदळले. २०२० सालच्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि राज्यातील साऱ्या प्रार्थनास्थळांची दारे बंद झाली. ती उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याच्या दिवशी. पवित्र सप्ताह गेला, पुनरुत्थानाचा रविवार गेला, मतमाऊलीचा जन्मोत्सव गेला. मिस्सा मोबाईलच्या पडद्यावर होत असे आणि आम्ही भाकरीऐवजी भाकरीच्या चित्रापुढे गुडघे टेकून बसत असू. त्याच पावसाळ्यात आमच्या पाड्यातील एक वृद्ध गृहस्थ वारले. आजार जुना, मधुमेहाचा. पण काळ असा की दफनविधीला वीसपेक्षा अधिक माणसे नकोत, आणि धर्मगुरू स्वतः विलगीकरणात. त्यांनी फोनवरून प्रार्थना सांगाव्यात व आम्ही उत्तरे द्यावीत असे ठरले. दफनभूमीत पोहोचलो तोच पावसाची सर आली आणि फोनवरचा आवाज तुटत तुटत बंद पडला. एका तरुणाच्या मोबाईलमध्ये प्रार्थनांचे पुस्तक होते. तो ओल्या बोटांनी पाने सरकवू लागला. पेटी दोरांवर होती.

तेव्हा मागच्या बाजूला छत्रीखाली उभी असलेली आमच्या चाळीतील मावशी पुढे आली. ती नगरकडची, शाळा चौथीपर्यंत. तिने तेविसावे स्तोत्र म्हटले, मग प्रभूची प्रार्थना, मग 'नमो मरिया' दहा वेळा, मग मृतांसाठीची विनवणी, आणि शेवटी रेव्हरंड टिळकांचे एक भजन गायिले. टिळक प्रॉटेस्टंट होते हे तिला ठाऊक असेल किंवा नसेलही. नगरच्या मातीत त्यांची पदे पंथाचे कुंपण विचारीत नाहीत. तिचा आवाज मोठा नव्हता, पण एकही शब्द अडला नाही. आम्ही वीस माणसे तिच्यामागून म्हणत राहिलो. काहींना निम्मे येत होते, काहींना केवळ 'आमेन'. जे पंचविशीच्या आतले होते त्यांतील एकालाही ते स्तोत्र मराठीत पुरे येत नव्हते. इंग्रजीत येत होते. पण त्या खड्ड्याच्या काठी, त्या माणसासाठी, इंग्रजीत ते कोणाच्या तोंडून निघेना.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच तो त्याच्या श्रद्धेची वंशावळ सांगतो. ती वंशावळ बापाकडून येत नाही. आधी आजी लोईस, मग आई युनीके, मग तीमथ्य. प्रेषितांच्या कृत्यांत तीमथ्याचा बाप ग्रीक होता एवढीच माहिती मिळते. आमच्या पाड्यात बाप ग्रीक नसले तरी दुसऱ्या पाळीला होते. रात्री अकराला घरी येणाऱ्या माणसाने मुलांना जपमाळ शिकवावी कधी? द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले आणि आईबाप हे आपल्या मुलांपुढे श्रद्धेची पहिली घोषणा करणारे आहेत असे सांगितले. परिषदेच्या कितीतरी आधीपासून आमच्या आज्या हे काम करीत होत्या. त्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते, इतकेच.

धर्मगुरूंवाचून दिवस काढणे आपल्या किनाऱ्याला नवे नाही. १७३७ मध्ये ठाणे व साष्टी आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले, मठ ओस पडले. वसईच्या किल्ल्यात छपरे गेलेल्या चर्चच्या भिंती आपण आजही पाहतो. मागे उरले ते मोजके स्थानिक धर्मगुरू, आणि शेतकरी, कोळी, बागायतदार अशी सामान्य घरे. राजसत्ता गेल्यावर राजाचा धर्मही जाईल असा कोणी अदमास केला असेल तर तो चुकला. वसई-उत्तनपासून ठाण्यापर्यंतच्या वाड्यावस्त्यांतून क्रूसाभोवती दिवा लागत राहिला आणि लग्नाची गाणी त्यांच्याच बोलीत चालू राहिली. ज्यांना आपण वसईचे किंवा ईस्ट इंडियन ख्रिस्ती म्हणून ओळखतो ते त्या घरांचे वंशज होत.

याच वसईचा एक मुलगा आपल्याला थेट जपानला घेऊन जातो. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांचा हा पुत्र, फ्रान्सिस्कन बंधू, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर चढविला गेला. १८६२ साली नववे पायस यांनी त्या सव्वीस जणांस संतपद दिले. एवढे आपण सणाच्या प्रवचनात ऐकतो. त्यापुढची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि आमच्या विषयाला तीच अधिक जवळची आहे.

१६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. काही दशकांत एकही धर्मगुरू उरला नाही. पुढे दोनशेहून अधिक वर्षे नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकरी आणि मच्छीमार यांनी मिस्साविना, पुस्तकाविना, उघड क्रूसाविना श्रद्धा चालविली. प्रत्येक गटात एकाकडे सणावारांची गणना असे, एकाकडे बाप्तिस्मा देण्याचे काम, एकाकडे निरोप पोहोचविण्याचे. प्रार्थना तोंडी दिल्या जात. त्यांत लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द जपानी उच्चारांत मिसळलेले. पुढे परदेशी लोकांसाठी नागासाकीत ओउरा येथे फ्रेंच मिशनरींनी एक चर्च बांधले आणि ते त्याच सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातील काही स्त्रीपुरुष त्या चर्चमध्ये आले. त्यांतील एका बाईने फादर पेतीजाँ यांच्याजवळ जाऊन आपले आणि त्यांचे हृदय एकच असल्याचे हलक्या आवाजात सांगितले, आणि मरियामातेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. दोनशे वर्षांपूर्वी ऐकलेल्या मातेचा पत्ता त्या विचारीत होत्या. ज्या हुतात्म्यांच्या नावाच्या छपराखाली हे घडले त्यांत एक वसईचा होता, हे आठवले की आम्हांला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतील आल्तार निराळा दिसू लागतो. त्या शेतकऱ्यांना त्यानंतरही हद्दपारी भोगावी लागली. बंदी उठली ती १८७३ मध्ये.

पण ही कथा येथेच थांबविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या गुप्त ख्रिस्ती लोकांपैकी सारेच ख्रिस्तसभेत परतले नाहीत. काही बेटांवरील घराण्यांनी आपल्या वाडवडिलांच्या पठणालाच धरून राहणे पसंत केले. त्या प्रार्थनांतील पुष्कळशा शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्यालाही लागत नाही, आणि म्हणणारे आता फार थोडे उरले आहेत. ध्वनी जपला गेला, अर्थ वाटेत गळला. पाठांतराची थोरवी सांगताना ही दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. आमच्याकडील शिकलीसवरली मुले जेव्हा म्हणतात की समजल्यावाचून पुटपुटण्यात काय अर्थ, तेव्हा त्यांच्या बोलण्यात तथ्य असते. मात्र मुळात तोंडी काहीच नसेल तर समजावून द्यावयाचे तरी काय, हेही त्यांनी सांगावयास हवे.

अर्थासह शब्द पुढे कसा द्यावा, याचे उदाहरण आपल्याच भाषेत चारशे वर्षांपूर्वी घडून गेले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये मरण येईपर्यंत बहुतेक काळ साष्टीत राहिले. त्यांच्या ख्रिस्तपुराणाचे नाव कोणत्या मराठी वाचकाने ऐकले नाही? मराठी भाषेची त्यांनी गायिलेली थोरवी शाळेच्या पुस्तकांतून अनेकांच्या परिचयाची झाली आहे. पण ते पुराण लिहिले का गेले, हे त्याच्या आरंभीच आहे, आणि तेवढेच नेमके शाळेत सांगितले जात नाही. रविवारी दुपारी देवळात मुलांना धर्मशिक्षण चालले असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींपुढे येतो. त्याचे म्हणणे असे: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास दुसरे पुराण का देत नाही? बंदी होती हे खरे, आणि तिचा जाच झाला हेही खरे. त्या प्रश्नात थोडी तक्रार आहे, थोडी भूक आहे. एका बाजूने हिरावून घेतलेल्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, हे त्या गृहस्थाला कळले होते. आणि स्टीफन्स यांचा मोठेपणा हा की त्यांनी त्याला प्रश्नोत्तरांची पुस्तिका देऊन वाटेला लावले नाही. त्यांनी प्रश्नोत्तरेही लिहिली, ती त्यांच्या पश्चात १६२२ मध्ये छापली गेली; पण त्याआधी त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची सारी कथा दोन भागांत, पंचाण्णव अवस्वरांत, ज्या छंदात त्या लोकांचे कान आधीपासून तयार होते त्याच छंदात.

पुराण छापले गेले १६१६ मध्ये, मग १६४९ आणि १६५४ मध्ये. रविवारी व सणांच्या दिवशी ते लोकांपुढे वाचले जाई, गायिले जाई. त्यानंतर काळ फिरला. १६८४ मध्ये गोव्याच्या राज्यकर्त्यांनी हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. एकही नाही! छापखान्याने जे अमर करावयास घेतले होते ते छापखान्यापाशी राहिले नाही. राहिले ते घरांत. हातांनी नकलून काढलेल्या पोथ्यांत. पुष्कळ गोंयकार कुटुंबे दक्षिणेकडे मंगळूर भागात गेली, तेव्हा त्यांच्या बरोबर पुराणही गेले. तेथे १७८४ मध्ये टिपू सुलतानाने हजारो ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणास नेले. सुटका होण्यास १७९९ साल उजाडले. एवढ्या उलथापालथीतूनही पोथ्या वाचल्या, आणि त्या पोथ्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ख्रिस्तपुराण पुन्हा छापले. पुढे १९५६ मध्ये पुण्याला शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले आणि १९९६ मध्ये मुंबईत फादर कारिदाद द्रागो यांनी अर्थासह सिद्ध केले. साल्ढाणा यांच्या हाती येण्याआधी दोन-अडीच शतके ज्यांनी त्या ओव्या नकलून काढल्या, त्यांतील बहुतेकांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. शाईच्या दौतीपाशी बसलेली कोणी बाई असेल, कोणी शाळामास्तर असेल, दिव्याच्या उजेडात दहा ओव्या उतरवून कणा सरळ करणारा कोणी शेतकरी असेल.

या पुराणाची आणखी एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते, कारण तिने अलीकडेच आमच्या चाळीतील एक वाद मिटविला. ख्रिस्तपुराणाची भाषा मराठी, पण अक्षरे रोमन होती. स्टीफन्स यांना आपल्या लोकांची लिपीच हवी होती. १६०८ मध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांना तसे लिहिलेही होते. परंतु देवनागरीचे खिळे पाडणे त्या काळी साधले नाही. तेव्हा जी अक्षरे हाताशी होती त्यांत त्यांनी मराठी ओवी छापली. अक्षरांसाठी ओवी थांबविली नाही.

वाद असा होता. दफनभूमीतल्या त्या दिवसानंतर मावशीच्या नातीने, ती तेव्हा इंग्रजी माध्यमात नववीला होती, आजीच्या साऱ्या प्रार्थना लिहून घ्यावयाचे मनावर घेतले. मावशीच्या ट्रंकेत काही छापील पाने आहेत. १९०३ सालापासून निघत आलेल्या 'निरोप्या' मासिकाची काही जुनी पाने त्यांत आहेत, कडा वाळवीने खाल्लेली. पण तिच्या तोंडी जे आहे त्यातील निम्मेसुद्धा त्या पानांत नाही. दुष्काळात म्हणावयाची विनवणी आहे, बाळंतिणीसाठीची आहे, हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला पायी जाताना म्हणावयाची पदे आहेत. शिवाय नेहमीच्या प्रार्थनांचे जुने पाठ आहेत. आज चर्चमध्ये म्हणतो त्यांहून दोनचार शब्दांनी निराळे. मुलगी लिहू लागली ती रोमन अक्षरांत. मराठी हा विषय तिला शाळेत आहे, वाचावयास येते. पण हात चालतो तो त्या अक्षरांत, जशी ती मोबाईलवर मैत्रिणींशी मराठीच बोलते आणि रोमन अक्षरांत लिहिते.

आमच्या पाड्यातील एका वडीलधाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. ते वसईकडचे, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मराठीचे मोठे अभिमानी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा यांनी चाळीत पेढे वाटले होते. वही पाहून ते म्हणाले, "मावशी, पोरीला आधी नीट बाराखडी गिरवू द्या. देवाची प्रार्थना आणि ही अशी अक्षरे?"

मावशी म्हणाली, "दादा, तिला येतंय तसं तिनं लिहावं. बाराखडी व्हईल पुढं. माझं सांगायचं राहून गेलं म्हंजी मग?"

ते गप्प बसले, पण समाधान झालेले नव्हते. ते खरे झाले महिनाभराने, चर्चच्या वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात ख्रिस्तपुराणाच्या लिपीची हकिकत वाचल्यावर. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच वही मागावयास आले. तेव्हापासून अशी व्यवस्था झाली: डाव्या पानावर मुलगी आजीच्या तोंडून रोमन अक्षरांत लिहून घेते आणि उजव्या पानावर दादा तेच देवनागरीत, कारखान्यात नोंदी ठेवून वळण लागलेल्या आपल्या अक्षरात, उतरवितात. जेथे मुलीला शब्दाचा अर्थ लागत नाही तेथे ती खाली रेघ मारते. पहिल्याच पानावर अकरा रेघा होत्या. त्या रेघांवरून रोज संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर जी चर्चा चालते तिला धर्मशिक्षण म्हणावयास हरकत नाही. 'कृपेने पूर्ण' म्हणजे काय, हे सांगताना मावशीने काठोकाठ भरलेल्या हंड्याचा दाखला दिला; पाणी डोक्यावरून आणलेल्या बाईला तो कसा सुचला हे आम्हांला सांगावे लागत नाही, पण नळाच्या पाण्यावर वाढलेल्या मुलीला तोही समजावून द्यावा लागला.

देणे एकाच दिशेने चालले आहे असेही नाही. मावशीला जपमाळेची रहस्ये येतात ती आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची. पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी २००२ च्या ऑक्टोबरात प्रकाशाची रहस्ये जोडली. तोवर मावशीचे पाठांतर पक्के होऊन गेले होते आणि गुरुवारी ती जुन्याच क्रमाने जाई. नातीने तिला प्रभूच्या स्नानसंस्कारापासून पवित्र ख्रिस्तप्रसादाच्या स्थापनेपर्यंतची पाचही रहस्ये पाठ करविली. कानातले सहाव्या इयत्तेच्या पोरीसारखे हलवीत मावशी ती म्हणत असे आणि चौथ्यावर अडे. आता अडत नाही.

मुले कोणत्या भाषेत प्रार्थना करतील, यावर आम्ही आज्ञा काढू शकत नाही, आणि १६८४ चा हुकूम आठवला की काढूही नये असे वाटते. कॅनडातल्या नातवंडांनी इंग्रजीत म्हटली तरी स्वर्गातल्या पित्याला ती कळेल. आमचा आग्रह एवढाच की कोणत्याही एका भाषेत ती पडद्यावाचून, कागदावाचून तोंडी असावी. आणि ज्या भाषेत आजी रडली त्या भाषेतील निदान एखादी तरी असावी. गेल्या वर्षीपासून ऑक्टोबर महिन्यात माळ घराघरांतून फिरते. ज्या घरी माळ असेल त्या घरच्या भाषेत पहिले रहस्य म्हणावयाचे आणि शेवटचे त्या घरातील सर्वांत लहान मुलाने, त्याला येईल त्या भाषेत. एका घरी सहा वर्षांच्या मुलाने 'नमो मरिया' नऊच वेळा म्हटली. मोजणाऱ्यांनी ते लक्षात आणून दिले, तेव्हा त्याने दहावी कोंकणीत म्हटली, कारण तीही त्याला येत होती हे त्याच्या आईलासुद्धा माहीत नव्हते. ती त्याला पणजीने शिकविली होती.

वहीची प्रत मागण्यासाठी बदलापूरहून दोघेजण येऊन गेले. दुबईला असलेल्या एका मुलाने पानांची छायाचित्रे मागविली आणि आपण डावी बाजू वाचणार असे आधीच कळवून टाकले. दादांनी त्याला फक्त उजव्या पानांची छायाचित्रे पाठविली. मग मुलीने डाव्या पानांची पाठविली. उजवी बाजू सध्या वीसेक पानांनी मागे आहे, कारण दादा जोडाक्षरे दोनदा तपासतात. मरियामातेची लितानी अजून सांगून व्हावयाची आहे. ती मावशी बसून सांगत नाही, चालता चालताच तिला ती सलग आठवते. म्हणून या सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेला नात तिच्याबरोबर जाणार आहे, आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर नेणार आहे.